फोन वाजलाच नाही

भंगारवाल्याने हातोडा मारला आणि मोडेमचं झाकण दोन तुकडे होऊन अंगणात उडालं. "कुछ नहीं है बाबूजी, खाली डिब्बा है," असं म्हणत त्याने आतली हिरवी पट्टी नखाने उपसली आणि पोत्यात टाकली. तिच्याबरोबर उंदराच्या लेंड्या, झुरळाचा एक वाळका पंख आणि एक जुना वास बाहेर आला. तापलेल्या वार्निशचा, धुळीचा, जळता जळता राहिलेल्या रबराचा. तीसहून अधिक वर्षं तो त्या डब्यात बसून होता. मी पडवीच्या खांबाला हात लावून उभा राहिलो. भंगारवाल्याने मग कॉम्प्युटरची काच फोडली, आणि बाहेरची हवा आत घुसल्याचा असा आवाज झाला की शेजारचं कुत्रं केकाटत पळालं.

कुडव्याच्या या घराची मागची खोली रिकामी करायची होती. मुलगा म्हणाला, मी हो म्हटलं. त्या खोलीत काय आहे हे मला ठाऊक होतं आणि तरीही मी हो म्हटलं. स्वयंपाकघराच्या दारात माझी बाई उभी होती. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती फुटलेल्या काचेकडे पाहत नव्हती. ती सुपातले तांदूळ पाखडत होती. माझ्या घरात राहायला आल्यापासून ती असंच करत आली आहे. कुठेही काही फुटलं, आपटलं, ओरडलं की तिचे हात आणखी वेगाने चालतात.

आमच्या घरात आवाजावरून दिवस ओळखायची सवय दोघांनाही लहानपणीच लागली. बाबांची तुतारी आड्याला खोचलेली असे. बैल हाकायची ती बांबूची काठी, टोकाला आर म्हणजे लोखंडी खिळा. ती आड्यातून ओढली की बांबू कवेलूच्या छपरावर खरडल्याचा आवाज येई, आणि तो आला की गोठ्यातले बैलसुद्धा कान मागे घेत. बाबा वाईट माणूस नव्हते, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. त्यांचा हात उठायचा, एवढंच. धान कापताना उठायचा, जेवताना उठायचा, देवाला नारळ फोडतानाही तो नारळाला मारल्यासारखाच उठायचा.

घरात रेडिओ आला त्याच वर्षी मी तो उघडला. आत बसलेली माणसं पाहायची होती, असं पुढे मी हसत सांगायचो. ते खरं नाही. मला तारा पाहायच्या होत्या. तारेला तार लागली की लांबचं माणूस जवळ कसं येतं, ते पाहायचं होतं. रेडिओ पुन्हा बोलला नाही. बाबांनी विचारलं तेव्हा बाई पुढे झाली आणि म्हणाली, मीनं फोडला. आर तिच्या पाठीत जिथे जिथे रुतली तिथे मिऱ्याएवढे काळे डाग राहिले. मी दाराआड होतो. रात्री तिने हळद-तेल माझ्याचकडून लावून घेतलं आणि विचारलं, आत काय होतं रे?

उन्हाळ्यात आम्ही नवेगाव बांधला मामाकडे जायचो. तलावाच्या काठावर ढीवर लोक मरळ मासा दगडावर आपटून मारत. डोकं फुटलं तरी शेपूट बराच वेळ चिखल झोडपत राही. पाण्याला शेवाळाचा वास, माणसांच्या हातांना रक्ताचा आणि विडीचा. बाई मागून येऊन माझे डोळे झाकायची. कान झाकायला तिला आणखी दोन हात नव्हते, म्हणून मला तो तलाव आजही फक्त ऐकू येतो.

मग तिचं लग्न झालं, तिरोड्याला. तिथे धानाच्या कोठ्या होत्या, ट्रॅक्टर होता आणि पुढे फोनही आला. फोनच्या चकतीत भाऊजींनी पितळी कुलूप अडकवून ठेवलं होतं. किल्ली त्यांच्या जानव्याला. फोन उचलता येई, ऐकता येई, लावता येत नसे.

आमच्या कुडव्याच्या घरीही फोन आला, आणि त्याच्याबरोबर घंटीचे नियम आले. उचलला की पैसे पडतात, नुसता वाजला तर पडत नाहीत, हे आमच्या भागात लहान पोरालाही कळत होतं. एक घंटी देऊन ठेवला, म्हणजे सुखरूप पोचलो. त्यामुळे आमच्याकडे कोणीही फोन पहिल्या-दुसऱ्या घंटीला उचलत नसे. हात पुढे केलेला असे, पण तिसरी वाजेपर्यंत सगळं घर श्वास धरून थांबे. पाहुण्यांना याची गंमत वाटे. दोन घंट्या देऊन थांबणं हे फक्त बाईचं होतं. त्याचा अर्थ होता, या.

कुलूप लावलेल्या फोनवरून नंबर कसा लावायचा, ते तिला मीच शिकवलं होतं. रिसिव्हर ठेवायच्या खुंट्या बोटाने दाबायच्या. दोनचा आकडा असेल तर दोन टिचक्या, नऊचा असेल तर नऊ, शून्याला दहा. मध्ये थोडी उसंत. एक टिचकी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. तिने ते भाजीच्या पाटीवर टिचक्या मारून पाठ केलं. त्या दोन घंट्या पुढे आमच्या घरी काही वेळा वाजल्या. दर वेळी बाबा आणि मी फटफटीवर बसून तिरोड्याला जायचो. आम्ही दारात दिसलो की भाऊजींचा हात खाली यायचा. चेहरा धुऊन बाई चहा करायची. तो चहा पिऊन आम्ही परत यायचो. हेही मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे. आम्ही चहा पिऊन परत यायचो.

माझा टायपिंगचा क्लास होता, गोंदिया स्टेशनच्या बाजूला. एका खोलीत मांडलेल्या टाइपरायटरांवर पोरं दिवसभर बोटं आपटत. खाली गिरणीत उकडायला घातलेल्या उसन्या धानाची वाफ चढे, समोरच्या वखारीतून तेंदूपानांचा आणि तंबाखूचा कोरडा झणझणीत वास येई, आणि वर आमची लोखंडी अक्षरं कागदाला बडवत असत. मला त्या आवाजाचा कंटाळा आला होता. नागपूरच्या एका मित्राने जुना कॉम्प्युटर मिळवून दिला, हिरव्या अक्षरांचा. त्याच्याच ओळखीने तो मोडेम आला. पुढच्या अंगाला लाल दिवे असलेला चपटा डबा. तो फोनच्या तारेला जोडला की एक कॉम्प्युटर दुसऱ्याला फोन करू शकतो, हे मी ऐकलं होतं. मित्राने फ्लॉपीवर एक प्रोग्राम दिला. तो चालू ठेवला की आपला कॉम्प्युटर यजमान व्हायचा. कोणीही फोन करायचा, कॉम्प्युटरने तो उचलायचा, आणि समोरच्याच्या पडद्यावर आपण लिहून ठेवलेलं उमटायचं. धानाचे भाव, गाड्यांच्या वेळा, कोणाला निरोप असेल तर निरोप. मी त्याला 'फळा' नाव दिलं. गोंदियाचा फळा. नागपूर, रायपूर, कुठूनही माणूस येईल आणि आमच्या फळ्यावर दोन ओळी लिहून जाईल. त्या डब्याचं पुस्तक मी पोथीसारखं वाचत होतो. जेवताना ताटाशेजारी ते उघडं असे, आणि बाबा म्हणत, याले भूत लागलं.

भूत उतरत नव्हतं, कारण फळा चालतच नव्हता. मित्र नागपूरहून फोन लावायचा, मोडेम उचलायच्या आधी तिसऱ्या घंटीला बाबा आपल्या खोलीतला फोन उचलायचे आणि त्यात ओरडायचे. बाबा नसले तर शेजारीण भिंतीवरून हाक मारत यायची, कारण अर्ध्या आळीचे फोन आमच्याकडे येत. किती घंट्यांनंतर उचलायचं, हे मोडेमला आधी सांगून ठेवावं लागे. एक अक्षर, एक शून्य, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे आपला आकडा. मी तीन लिहून पाहिलं, चार लिहून पाहिलं. माणसं नेहमी आधी पोचायची.

दिवाळी झाली. भाऊबीजेला बाईला पाठवलं नाही. निरोप आला की कामं आहेत. ओवाळणीचं ताट आईने झाकून ठेवलं, त्यातलं कुंकू वाळलं. दोन-चार दिवसांनी आमच्या मूळ गावी मंडई भरली. धान घरात यायच्या सुमाराला आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडया म्हणजे जत्रा भरतात, दंडारीचे खेळ होतात, लेकीसुना माहेरी येतात. घरचे सगळे गेले. मी म्हणालो, मला ताप आहे. मला ताप नव्हता. मला रिकामं घर हवं होतं. मित्र त्या दिवशी नागपूरहून फोन लावणार होता.

त्या सकाळी मी आकडा बदलला. बरोबरच्या चिन्हापुढे एक लिहिलं. पहिल्याच घंटीला उचल. शेजारीण धावत येऊ नये म्हणून फोनच्या पोटाखालची चकती फिरवून घंटीचा आवाजही बंद केला. दोन्ही फोनांचा. आता फोन आला तर कळणार होतं ते फक्त त्या डब्याला, आणि डब्यातल्या छोट्या कर्ण्यातून मला.

हे सांगताना लोक म्हणतील, विसरला असेल. मी विसरलो नव्हतो. चकतीवर बोट होतं तेव्हाच बाईच्या दोन घंट्या माझ्या मनात आल्या. मी स्वतःशी म्हटलं, एका दुपारचा तर प्रश्न आहे. मग चकती फिरवली.

दुपार कडक होती. दूर कुठे मळणी चालली होती. धानाच्या पेंढ्या लाकडी फळीवर आपटल्याचा धप्प, धप्प आवाज येत होता. मी दार लावून पडद्यासमोर बसलो होतो. एकाएकी मोडेमचा लाल दिवा पेटला, आत कट्ट झालं, आणि कर्ण्यातून शिट्टी सुरू झाली. लांब, बारीक, एका सुरातली. समोरून दुसऱ्या मोडेमने उत्तर द्यायला हवं होतं. उत्तर आलं नाही. शिट्टी थांबली आणि पडद्यावर अक्षरं आली, नो कॅरियर. म्हणजे पलीकडे कोणी नाही. पण मी उडी मारली. उचलला होता. कोणाच्याही आधी माझ्या यंत्राने फोन उचलला होता. मित्राकडूनच काही चुकत असेल, पुन्हा लावेल.

थोड्या वेळाने पुन्हा लाल दिवा, पुन्हा शिट्टी. पुन्हा पलीकडे कोणी नाही. मी टाळ्या वाजवल्या, एकट्याने, त्या खोलीत. तिसऱ्यांदा दिवा पेटला तेव्हा शिट्टी पुष्कळ वेळ चालली. पलीकडे कोणीतरी रिसिव्हर धरून होतं. मी कर्ण्याला कान लावला. यंत्राच्या आवाजाखाली काहीतरी होतं, आदळल्यासारखं, पण मळणीचा आवाज बाहेरून येतच होता आणि मी तो त्यातच धरला. मग सगळं तुटलं. परत कोणी आलं नाही.

दिवेलागणीला मी मोडेम बंद करून घंटी पुन्हा चालू केली. लगेच फोन वाजला. मी तिसऱ्या घंटीपर्यंतही थांबलो नाही. मित्र होता. "अरे यार, माफ कर," तो म्हणाला, "सकाळपासून लाइन डेड होती माझी. आत्ता आली."

मी रिसिव्हर हातात धरून उभा होतो. मग दुपारी कोण होतं, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती. मी अजून तिथेच उभा होतो तेव्हा तिरोड्याचा एक माणूस स्कूटर घेऊन दारात आला आणि म्हणाला, तुमच्या बाईला दवाखान्यात आणलंय, लवकर चला.

बैलगाडीच्या कडेला जे दांडके उभे असतात त्यांना उभारी म्हणतात. आमच्याकडे भांडणात पहिला हात तिच्याकडे जातो. भाऊजींनी तिला उभारीने मारलं होतं. डावा हात कोपराखाली दोन जागी मोडला होता. कानातून आलेलं रक्त गळ्यापर्यंत वाळलं होतं. टिचक्या मारायचं बोट, उजव्या हाताचं पहिलं बोट, नखापासून चेचलेलं होतं. ते त्याने सर्वांत शेवटी ठेचलं, खलबत्त्याच्या बत्त्याने, हे तिने नंतर सांगितलं. दवाखान्यात डेटॉलचा वास होता आणि तिच्या लुगड्याला धानाच्या तुसाचा. ती शुद्धीवर होती. माझ्याकडे बघून म्हणाली, घरी कोन होतं रे?

बाबा मंडईतून परस्पर तिरोड्याला गेले आणि जाताना गाडीची उभारी उपसून नेली. त्यांनी जावयाला अंगणात आडवा पाडला आणि लोकांनी ओढेपर्यंत मारला. तेव्हा मला वाटलं, झालं, आता हिशेब सरळ झाला. पण भाऊजींनी दात पडलेल्या तोंडाने जे सांगितलं ते गावात आधी पोचलं. ते म्हणत होते, तिने चोरून कोणाला तरी फोन लावला. मी हिसकावून कानाला लावला तर पलीकडून पुरुष सीटी वाजवत होता. माझ्या बायकोला सीटी.

पोलिसांत दोन्हीकडून जायच्या धमक्या झाल्या, म्हणून जातीतल्या मोठ्या लोकांनी बैठक बसवली, तिरोड्याला, एका धानाच्या गोदामात. पोत्यांवर माणसं बसली होती. बाई हात गळ्यात बांधून खाली. बाबा उठले आणि घरातली गोष्ट सगळ्यांसमोर बोलले, की पोरीची आणि आमची खूण ठरलेली आहे, मार पडला की ती दोन घंट्या देते. मग तिच्याकडे वळून विचारलं, घंटी काऊन नाही देली वं?

"देली बाबा," बाई म्हणाली. "तीनदा लावला. घरीच लावला. घरूनच सीटी आली."

कोणीतरी हसलं. घरून सीटी. सगळं गोदाम हसलं. भाऊजींच्या चुलत्याने पोत्यावर हात आपटून सांगितलं, लेकीने नंबर चुकवला नाही, नवरा बदलला. बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला हाक मारली. "तू घरी होतास. सगळ्यायच्या समोर सांग. फोन वाजला का नाही?"

मी उभा राहिलो. बाई माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. भाऊ होता, आता भाऊ सांगेल.

"फोन वाजलाच नाही, बाबा," मी म्हणालो.

वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. घंटी मी बंद केली होती, फोन वाजला नव्हता. बाबांच्या हाताला मी भीत होतो, हे खरं. त्या गोदामातल्या प्रत्येक हाताला भीत होतो, हेही खरं. यंत्र शिट्टी वाजवतं हे तिथे कोणाला समजलं नसतं, असं मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला समजावलं. मला समजत होतं, तेवढं पुरे होतं.

बैठकीचा निकाल झाला. बाईची लहान मुलगी बापाकडे राहील. बाई माहेरी जाईल. जावयाला मारल्याबद्दल बाबांनी हात जोडावेत. बाबांनी हात जोडले. घरी येऊन त्यांनी मोडक्या हाताच्या लेकीला पडवीतच बसवलं आणि मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. तिरोड्यात तिचं नाव सीटीवाली पडलं. बाजारात पोरं तिला पाहून शिट्ट्या मारत. त्या दिवसापासून मी कॉम्प्युटर झाकून ठेवला. फळ्यावर कधी कोणी काही लिहिलं नाही.

बाई मला काही बोलली नाही. माझ्या मुलांना तिने वाढवलं. माझ्या बायकोच्या आजारपणात तिने वाकड्या हाताने पोळ्या लाटल्या. तिची मुलगी मनीषा हिच्या लग्नाला ती न बोलावता गेली आणि मांडवाच्या दारातून परत आली. काय झालं ते तिने सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्यालाच माया म्हणायची पद्धत पडली होती.

भंगारवाला पोतं बांधून गेला तेव्हा अंगणात काचेचे कण चमकत होते. मी बाईजवळ गेलो. तिच्या उजव्या बाजूला बसलो, त्या कानाने तिला ऐकू येतं. आणि सगळं सांगितलं. एकचा आकडा, चकती, लाल दिवा, टाळ्या. टाळ्याही सांगितल्या.

तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला थोबाडीत मारली. सत्तरीच्या बाईच्या हातात इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. चष्मा उडाला. मग तिने दुसऱ्यांदा मारली, वाकड्या हाताने, आणि त्या मारण्याने तीच कळवळली.

"हे मले कायले सांगून राहिला?" ती म्हणाली. "मीनं कोणाले फोन लावला ते मले माहीतच हाय. ज्यायले माहीत नाही त्यायले सांग ना."

भाऊजी गेले त्याला बरीच वर्षं झाली. आपल्या पलंगावर, झोपेत. बैठकीतले बहुतेक गेले. राहिली होती मनीषा. मी ऑटो करून तिच्या गावी गेलो. तिने मला ओळखलं, पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच बोललो.

"खोटं बोलू नका, मामा," ती म्हणाली. "मीनं स्वतः ऐकली ती सीटी. बाबांनी माह्या कानाले लावला होता फोन. म्हणे ऐक, तुह्या मायचा यार."

आठ-नऊ वर्षांची असेल तेव्हा ती. तिच्या कानाला फोन लावला होता, हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वेळी शिट्टी पुष्कळ वेळ का चालली, ते मला तिच्या ओट्यावर कळलं.

मी तिला विचारलं, "ती सीटी वाजवणाऱ्याने मधी श्वास घेतला होता का?"

ओठ चंबू करून ती शिट्टी वाजवू लागली. तोच बारीक सूर, इतक्या वर्षांनीही तोच. तिचा श्वास संपला. तिने परत घेतला, परत वाजवली, परत संपला. तिसऱ्यांदा ओठ हलले पण आवाज आला नाही.

"नाही घेतला," ती म्हणाली. "मले तेव्हाच वाटलं होतं, हा माणूस थांबत काऊन नाही."

मग ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. नवऱ्याला हाक मारली, सासूला हाक मारली, रस्त्यावरून जाणाऱ्या दिराला हाक मारली. सगळे जमले तेव्हा मला म्हणाली, आता पुन्हा सांगा. मी सांगितलं. चुलतसासरे उशिरा आले, त्यांच्यासाठी पुन्हा सांगितलं. कोणी मला शिवी दिली, कोणी उठून गेलं. मनीषा उठून आत गेली आणि आतून काहीतरी आपटल्याचा आवाज येत राहिला, भांडं असेल, डोकं असेल. बाहेर आली तेव्हा कपाळ लाल होतं. "लग्नात मीनंच तिले सीटीवाली म्हटलं होतं," ती म्हणाली. "मांडवाच्या दारात. सगळे हसले. आता या तोंडाचं काय करू?" तिने चपला घातल्या.

आम्ही ऑटोने कुडव्याला निघालो. बाहेर रस्त्याकडेला खाटकाच्या दुकानांवर कोंबड्या उलट्या टांगलेल्या होत्या, कुठे कोणी तोडलेल्या झाडाचे ओंडके कुऱ्हाडीने फोडत होतं. प्रत्येक घावाला तिचे खांदे दचकत होते. घरासमोर ती उतरली आणि फाटकाशीच उभी राहिली. पाय आत पडत नव्हता. ऊन डोक्यावर होतं.

बाई अंगणात आली. लेकीकडे पाहिलं. जवळ गेली नाही, रडली नाही, हातही पुढे केला नाही. "उन्हात काऊन उभी हायेस?" ती म्हणाली. "आत ये."

मनीषा आत गेली. तिच्यामागे मीही पायरी चढायला पाय उचलला. बाईने दार अर्धं लोटलं.

"तू भायेरच थांब," ती मला म्हणाली.

घर माझ्या नावावर आहे. मी बाहेर थांबलो.